'पुष्कळ झालं' हे कुणी ठरवायचं?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रीची जेवणं उरकली होती, ओटा आवरायचा बाकी होता. सासूबाईंनी मला हळूच बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "धाकटीला जरा समजावून सांग. तुझं ऐकते ती."

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. वय ३९. एम.ए., बी.एड. झालेली, गावातल्याच एका खासगी शाळेत शिकवते. पण तिच्या मनात पहिल्यापासून कॉलेजात शिकवायचं आहे. त्यासाठी सेटची परीक्षा पास व्हावी लागते. दोनदा बसली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. दुसऱ्या वेळी तर अगदी हाता-तोंडाशी आलेला घास गेला. आता म्हणते, तिसऱ्यांदा बसणार. घरात कुरबूर सुरू झाली. मुलं मोठी होतायत, म्हाताऱ्या माणसांची दुखणी आहेत, आणि हिचं पुस्तक काही सुटत नाही.

मी थोरली. मी तिला गच्चीवर नेलं आणि मोठ्या शहाणपणानं सांगितलं, "अगं, नोकरी आहे, घर आहे, मुलं गुणी आहेत. मिळालंय ते पुष्कळ आहे की! या वयात कशाला जिवाला त्रास करून घेतेस?"

ती वाद घालत बसली नाही. "बरं वहिनी," एवढंच म्हणाली आणि खाली जाऊन भांडी लावायला लागली. त्या 'बरं'नं मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात बर्फावरच्या स्केटिंगचा काय संबंध? सांगते. त्याच आठवड्यात माझ्या लेकीनं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. २०१८ सालच्या हिवाळी ऑलिंपिकचा, दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगचा. एक उंच, धिप्पाड पुरुष आणि जेमतेम पाच फुटांची एक बाई. साडेचार मिनिटं मी श्वास रोखून बघत होते. संपल्यावर लेक म्हणाली, "आई, ही तेव्हा ३४ वर्षांची होती. आणि हे तिचं पाचवं ऑलिंपिक होतं."

तिचं नाव अल्योना साव्हचेन्को. जर्मनीची खेळाडू. मग मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचता वाचता मला सारखा गच्चीवरचा माझा शहाणपणा आठवत होता.

आधी हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण मलाही तो माहीत नव्हता. साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असं बर्फाचं मैदान. पायात बूट, बुटाखाली सुमारे चार मिलीमीटर जाडीचं पोलादी पातं. जोडीच्या स्केटिंगमध्ये एक पुरुष, एक स्त्री. तो तिला डोक्यावर उचलून धरतो, तिला हवेत भिरकावतो, ती गिरक्या घेत वर जाते आणि खाली आल्यावर तो तिला झेलतो. काही उड्यांमध्ये मात्र तो झेलत नाही. तो फक्त फेकतो. हवेत तीन-तीन गिरक्या घेऊन ती दूर जाऊन एका पायावर, त्या चार मिलीमीटरच्या पात्यावर, उतरते. उतरली तर टाळ्या. पडली तर सगळ्या जगासमोर पडली. स्पर्धा दोन भागांत असते. आधी छोटा कार्यक्रम, मग मोठा. दोन्हींच्या गुणांची बेरीज करून निकाल लागतो.

या खेळात एक गोम आहे, आणि ती आपल्या बायकांच्या चटकन लक्षात येईल. तुम्ही कितीही गुणी असा, जोडीदाराशिवाय तुम्ही कुणीच नाही. त्यानं खेळ सोडला की तुमचाही खेळ थांबतो. मग नवा जोडीदार शोधा, त्याच्या हातांवर नव्यानं विश्वास टाका, परत पहिल्यापासून पडायला शिका. अल्योनानं हे एकदा नाही, दोनदा केलं.

तिचा जन्म १९८४ चा, युक्रेनमधल्या ओबुखिव्हचा. कीव्ह शहराजवळचं हे गाव. तेव्हा तो सोव्हिएत संघाचा भाग होता. स्तानिस्लाव मोरोझोव्ह नावाच्या जोडीदाराबरोबर ती २००० साली ज्युनिअर गटाची जगज्जेती झाली. ती स्पर्धा झाली होती जर्मनीतल्या ओबर्स्टडॉर्फ या डोंगरातल्या गावात. हे गाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला ती युक्रेनतर्फे उतरली. नंबर आला पंधरावा. त्यानंतर ती जोडी फुटली.

तेव्हा ती अठरा-एकोणीस वर्षांची पोर. जोडीदार नाही म्हणजे खेळ नाही. २००३ मध्ये ती जर्मनीतल्या केम्निट्झ शहरात आली. देश नवा, भाषा नवी. तिथे प्रशिक्षक इंगो श्टॉयर आणि नवा जोडीदार रॉबिन झोल्कोव्ही. रॉबिनची आई जर्मन आणि वडील टांझानियाचे. ऑलिंपिकमध्ये जोडीतल्या दोघांकडेही एकाच देशाचं नागरिकत्व लागतं. अल्योनाला ते मिळालं २००५ च्या अगदी शेवटी, आणि काही आठवड्यांनी ती जर्मनीची म्हणून ट्युरिनच्या ऑलिंपिकला उभी होती. सहावा नंबर.

तेव्हाच आणखी एक वादळ उठलं. तिचे प्रशिक्षक पूर्व जर्मनीच्या काळात तिथल्या 'श्टाझी' या गुप्त पोलिसांचे खबरी होते, हे उघड झालं. त्यांना ऑलिंपिकला नेण्यावरून प्रकरण कोर्टात गेलं. सरकारी पैशातून त्यांना मानधन मिळायचं बंद झालं. तरीही अल्योना आणि रॉबिन २०१४ पर्यंत त्यांच्याकडेच शिकत राहिले. बरोबर केलं की चूक, यावर दोन मतं असू शकतात. ज्या लोकांनी ती हेरगिरी सोसली, त्यांना ते खटकणारच. मी तिला देवी करून मखरात बसवत नाहीये, म्हणून हेही सांगितलं.

पण खेळ? खेळ विचारूच नका! २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४, अशी पाच वेळा ही जोडी जगज्जेती झाली. युरोपचं विजेतेपद चार वेळा. राहिलं होतं फक्त एक, ऑलिंपिकचं सोनं. २०१० ला व्हँकुव्हरला कांस्यपदक. २०१४ ला रशियातल्या सोचीला पुन्हा कांस्यच.

सोचीचा तो प्रसंग मला सगळ्यात जास्त भिडला. त्यांच्या कार्यक्रमाच्या शेवटी एक भयंकर अवघड उडी होती. जोडीदारानं फेकायचं आणि तिनं हवेत साडेतीन गिरक्या घेऊन उतरायचं. फारच थोड्या जोड्या या उडीच्या वाटेला जातात. सोपी उडी घेऊन ती सुरक्षित राहू शकली असती. तिनं अवघडच घेतली आणि पडली. त्या दिवशी सोनं कुणाला मिळालं असेल? तात्याना वोलोसोझार या रशियाकडून खेळणाऱ्या बाईला. ही तात्यानाही मूळची युक्रेनची. अल्योनाचा पहिला जोडीदार मोरोझोव्ह नंतर तिच्याच बरोबर खेळत होता, आणि पुढे तोच तिचा प्रशिक्षकही झाला. बघा, नशीब कशी चेष्टा करतं!

पुढच्याच महिन्यात जपानमध्ये अल्योना आणि रॉबिननं पाचवं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि रॉबिननं निवृत्ती घेतली. तो तेव्हा चौतिशीत होता. शरीर थकलं होतं, पाच वेळा जगज्जेता झाला होता, त्याला थांबायचं होतं. तो थांबला. त्यात काहीही गैर नाही. त्याचं पुष्कळ झालं होतं, आणि ते त्यानं स्वतः ठरवलं होतं.

प्रश्न होता तिचा. वय तीस. या खेळात तीस म्हणजे उतरणीला लागलेलं वय. ऑलिंपिकची दोन पदकं आणि पाच जागतिक विजेतेपदं गाठीशी. तिच्याजागी आपल्यापैकी कुणी असती, तर चार शहाण्या माणसांनी काय सांगितलं असतं? तेच, जे मी गच्चीवर सांगितलं. मिळालंय ते पुष्कळ आहे.

तिनं मात्र नवा जोडीदार शोधला. ब्रुनो मासो, फ्रान्सचा, तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. तिच्याकडे पाच सुवर्णपदकं आणि त्याच्याकडे त्या मानानं काहीच नाही. आपल्याकडे अशा जोडीवर काय काय बोलणं झालं असतं ते सांगायला नकोच. दोघं सरावाला गेले ओबर्स्टडॉर्फला, अलेक्झांडर क्योनिग या प्रशिक्षकांकडे. सोळा वर्षांची असताना जिथे ती ज्युनिअर जगज्जेती झाली होती, त्याच गावात तिनं तिशीत पाटी पुसून पहिला धडा गिरवायला घेतला.

आणि अडचणी तरी किती! फ्रान्सचा संघ ब्रुनोला सोडेना. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर आधीच्या देशानं परवानगी द्यावी लागते. २०१४-१५ चा अख्खा हंगाम ही दोघं फक्त सराव करत होती, स्पर्धा नाही. शेवटी पैसे मोजल्यावर परवानगी मिळाली. एकतीस वर्षांच्या खेळाडूचं एक वर्ष असं वाया जाणं म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक.

मग आला नागरिकत्वाचा प्रश्न. जागतिक स्पर्धेत जोडीतला एकजण त्या देशाचा असला तरी चालतं, ऑलिंपिकला चालत नाही. जर्मन नागरिक व्हायचं तर ब्रुनोला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागणार होती. बर्फावर वाघ असलेला हा गडी त्या परीक्षेत नापास झाला. पुन्हा बसला. हे वाचताना मला हसूही आलं आणि जाऊही आठवली. अखेर २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याला नागरिकत्व मिळालं. ऑलिंपिक होतं फेब्रुवारीत. तीन महिनेसुद्धा उरले नव्हते. विचार करा, साडेतीन वर्षं ती एका अशा स्वप्नासाठी रोज बर्फावर आपटत होती, जे दुसऱ्या माणसाच्या व्याकरणाच्या पेपरवर अवलंबून होतं.

२०१६ च्या जागतिक स्पर्धेत या नव्या जोडीला कांस्य, २०१७ ला रौप्य. आणि मग प्योंगचांग.

१४ फेब्रुवारी २०१८. छोटा कार्यक्रम. दोघांनी शेजारी शेजारी एकाच वेळी तीन गिरक्यांची उडी घ्यायची होती. तिनं तीन घेतल्या, त्यानं दोनच. चूक त्याची, गुण दोघांचे गेले. नंबर चौथा. पहिल्या क्रमांकावरच्या सुई वेनजिंग आणि हान त्सोंग या चिनी जोडीपेक्षा जवळजवळ सहा गुणांनी मागे. सोळा वर्षं वाट बघितलेली संधी, आणि ती दुसऱ्याच्या चुकीनं निसटते आहे. आपल्या घरात आमटी खारट झाली तर तीन दिवस त्यावर बोलणं होतं! त्या रात्री त्या दोघांत काय बोलणं झालं ते त्यांचं त्यांना माहीत. आपल्याला दिसतो तो दुसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी ती दोघं बर्फावर आली आणि जे झालं ते मी मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बघितलं. तो तिला फेकतो, ती दूरवर पाखरासारखी उतरते. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. त्यांचा कार्यक्रम बसवला होता ख्रिस्तोफर डीन यांनी, म्हणजे १९८४ साली सारायेव्होला आइस डान्सचं सोनं जिंकणाऱ्या ब्रिटिश जोडीतल्या डीननी. संगीत थांबलं आणि ती बर्फावरच आडवी झाली. गुण आले १५९.३१. तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला.

तरी अजून तीन जोड्या व्हायच्या होत्या. त्यातल्या एका रशियन जोडीच्या प्रशिक्षकांमध्ये कोण होता माहितेय? रॉबिन झोल्कोव्ही, तिचाच आधीचा जोडीदार! एक एक जोडी येत गेली आणि ती नुसती बघत बसलेली. शेवटी चिनी जोडीचे गुण लागले २३५.४७. हिचे आणि ब्रुनोचे २३५.९०. फरक किती? ०.४३. अर्ध्या गुणाहूनही कमी! जोडीच्या स्केटिंगमध्ये जर्मनीला ऑलिंपिकचं सोनं मिळालं ते १९५२ नंतर पहिल्यांदाच. पुढच्याच महिन्यात मिलानला ती सहाव्यांदा जगज्जेती झाली, आणि या जोडीनं स्पर्धांना रामराम केला.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, वा, प्रयत्नांती परमेश्वर! मीही आधी तेच म्हटलं. पण मग मला एक प्रश्न पडला आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

ते ०.४३ गुण उलटे पडले असते तर? पंचांपैकी दोघा-तिघांनी एखाद्या गिरकीला जरा हात आखडून गुण दिले असते तर? मग तिला रौप्यपदक मिळालं असतं. आणि आपणच म्हटलं असतं, "बघा, चार वर्षं घालवली, शेवटी सोनं नाहीच मिळालं. आधीच थांबायला हवं होतं." म्हणजे तिचा निर्णय शहाणपणाचा की वेडेपणाचा, हे आपण अर्ध्या गुणावरून ठरवणार?

मला वाटतं, तिचा निर्णय २०१४ मध्येच बरोबर होता. सोनं मिळायच्या आधी. नवा जोडीदार मिळण्याचीही खात्री नव्हती, तेव्हासुद्धा. कारण तिला अजून खेळायचं होतं आणि तिच्या अंगात ती ताकद होती. एवढं कारण पुरेसं आहे. सोनं हा त्याचा पुरावा नाही. सोनं हे नशीब.

आपण मात्र बाईला तिच्या इच्छेचा हिशोब कायम निकालावरून मागतो. पास झालीस तर जिद्दी, नापास झालीस तर हट्टी. पुरुष चौथ्यांदा दुकान काढतो तेव्हा तो 'धडपड्या' असतो. बाई तिसऱ्यांदा परीक्षेला बसली की तिला 'समाधान नाही'. समाधान हा फार सुंदर शब्द आहे हो, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या ताटातच वाढला जातो.

आणखी एक गोष्ट आपल्याला कबूल करायला हवी. 'पुष्कळ झालं' हे बायकांना सांगण्याचं काम बहुधा बायकांवरच सोपवलेलं असतं. सासूबाईंनी मला पाठवलं, मी गेले. भाऊजी स्वतः काही बोलले नाहीत. त्यांना बोलायची गरजच पडली नाही, मी होते ना! आणि मी तरी इतक्या पटकन का तयार झाले? खरं सांगू? लग्नाआधी मी जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळायचे. लग्न ठरलं तेव्हा मावशी म्हणाली होती, "जिल्ह्यापर्यंत गेलीस, पुष्कळ झालं." मी थांबले. मला थांबायचं होतं की नाही, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तोच 'खो' मी वीस वर्षांनी जावेच्या पाठीवर दिला.

माझं म्हणणं असं मुळीच नाही की प्रत्येकीनं धावतच राहावं. रॉबिनसारखं आनंदानं थांबताही आलं पाहिजे. एखादीला खरंच पुरे वाटत असेल, तर तिला 'अजून कर, अजून कर' म्हणून ढकलणं हाही जाचच. आणि जावेची तिसरी परीक्षा ही काही ऑलिंपिक नाही हे मलाही कळतं. घरात वेळ कमी आहे, हातात पैसा कमी आहे, पास होईलच याची खात्री नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण अडचणी मांडणं वेगळं आणि 'तुझं पुष्कळ झालं' म्हणून निकाल देणं वेगळं. अडचणी मांडल्या तर त्यातून वाट काढता येते. निकाल दिला की बोलणंच संपतं, आणि समोरची 'बरं वहिनी' म्हणून भांडी लावायला लागते.

अल्योनानं २०१६ मध्ये लग्न केलं, २०१९ मध्ये तिला मुलगी झाली. संसार तिचाही झालाच. कशानंतर काय, ते तिनं ठरवलं एवढंच.

गेल्या रविवारी मी परत जावेला गच्चीवर नेलं. म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले. परीक्षेचा अर्ज कधी भरायचाय?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग हळूच हसली. म्हणाली, "वहिनी, तो मी त्याच रात्री भरला. भांडी लावून झाल्यावर."

म्हणजे माझ्या परवानगीसाठी तिचं काही अडलंच नव्हतं! मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. आता परीक्षेपर्यंत संध्याकाळच्या पोळ्या माझ्याकडे, असं आम्ही ठरवलंय. सासूबाई अजून थोड्या गप्प गप्प आहेत, पण काल त्यांनी स्वतःहून भाजी निवडायला घेतली.

ती पास होईल का? मला माहीत नाही. पण पुन्हा कुणी मला 'जरा समजावून सांग' म्हणून पाठवलं, तर जायच्या आधी एक प्रश्न मी नक्की विचारीन: समजवायचं नेमकं कुणाला?